स्वभाव : शांत

आमच्या निवाऱ्यात प्रत्येक कुत्र्याचं एक कार्ड असतं. पिंजऱ्याच्या दाराला तारेनं अडकवलेलं, पावसाळ्यात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं. नाव, अंदाजे वय, नर की मादी, नसबंदी कधी झाली, रेबीजची लस कधी दिली. सगळ्यात खाली 'स्वभाव' आणि त्यापुढं छापलेल्या तीन चौकटी : शांत, खेळकर, रागीट. योग्य वाटेल तिच्यात बरोबरची खूण करायची.

रंग्याच्या कार्डावर मी 'शांत'पुढं खूण केली. खाली सहीही केली, चांगली लफ्फेदार. तो नव्या घरी गेला आणि बाविसाव्या दिवशी तिथल्या आजोबांच्या हाताला कडकडून चावला.

याला आता चौदा महिने होतील. लिहू लिहू म्हणत होते, आज बसलेय.

मी प्राणी-वर्तनतज्ज्ञ आहे. आमच्या सेलूकडच्या गावात हा शब्द उच्चारायचा म्हणजे आधी घोटभर पाणी प्यावं लागतं. कुणी विचारलं की अण्णा सरळ सांगून मोकळे होतात, "कुत्र्यांची मास्तरीण हाय." आत्याचं तेवढ्यानं भागत नाही. "म्हंजी तू त्येंला चावू नका म्हणून सांगायलीस? अन् ते ऐकायलेत?" आत्या, कुत्री पुष्कळ ऐकतात. त्यांना घरी नेणारी माणसं ऐकत नाहीत, खरी अडचण ती आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर, पैठण रोडच्या अंगाला, टाकून दिलेल्या आणि जखमी कुत्र्या-मांजरांसाठी एक निवारा आहे. तिथं मी नोकरी करते. आलेलं जनावर बरं झालं की त्याला घर शोधायचं, आणि कुठलं जनावर कुठल्या घरात टिकेल हे सांगायचं माझ्याकडं. शिक्षणानं मी मानसशास्त्राची. इथल्याच विद्यापीठात एम.ए. केलं. पावलोव्हचं कुत्रं तेव्हा दहा मार्कांना यायचं. 'अभिजात अभिसंधान', म्हणजे खुणेमागून रोज खाणं आलं की नुसत्या खुणेलाच लाळ सुटणं, आकृतीसह स्पष्ट करा. पावलोव्हला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, हेसुद्धा मी पाठ करून ठेवलं होतं, न जाणो एका मार्काला आलं तर! जिवंत कुत्र्याजवळ कसं बसायचं हे मात्र कुठल्याच पेपरात नव्हतं. ते मला चाचांनी शिकवलं.

चाचा पिंजरे धुतात, खायला घालतात. तरुणपणी शहागंजला टांगा हाकायचे. मी नवीन होते तेव्हा एका भेदरलेल्या कुत्रीसमोर मांडी घालून, तिच्या डोळ्यांत बघत, लाडीगोडी लावत बसले होते. चाचा बादली घेऊन चालले होते ते थांबले. "सामने कू नक्को बैठो मॅडम. बाजू में बैठो. सामने कू पोलीस बैठता."

तेव्हापासून मी बाजूला बसते. पालथ्या बादलीवर, अंग तिरकं, नजर भलतीकडं. माझं बहुतेक काम हे असं बसण्याचंच आहे. मधूनमधून उकडलेल्या कलेजीचा तुकडा टाकायचा आणि वहीत टिपायचं. कान कुठं वळलेत, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय का, अंगाचा भार पुढच्या पायांवर आहे की मागच्या. झोप आलेली नसताना जांभई दिली का, खायला काही नसताना ओठ चाटले का. धापा टाकणं हे भीतीचं लक्षण असं पुस्तकं सांगतात, पण आपल्याकडच्या मे महिन्यात, पत्र्याखाली, गोणपाटं भिजवून टांगली तरी सगळीच कुत्री धापा टाकतात. मीही टाकते. म्हणून उन्हाळ्यात मी कलेजीवर जास्त भरवसा ठेवते. एरवी खाणाऱ्या कुत्र्याच्या नाकाशी तुकडा पडला आणि त्यानं हुंगलंसुद्धा नाही, तर तिथून उठायचं. त्या दिवशी त्याला काही शिकवता येत नाही.

असं बसत असूनही रंग्याचं माझ्या लक्षात आलं नाही, म्हणून जास्त लागतं.

रंग्या जानेवारीत आला, धारूरकडच्या एका तांड्यावरून. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं अर्धी रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरायचा आणि पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला निघायचं, ते गुढीपाडव्याच्या आगंमागं परत. मागं म्हातारी माणसं राहतात, काही पोरं राहतात, आणि कुत्री राहतात. सगळीच नाही, काही जण कुत्रं ट्रॉलीत घालून फडावर नेतात. रंग्या मागं राहिलेल्यांतला. कुलूप घातलेल्या दारासमोर दोन महिने बसून. शेजारची म्हातारी भाकरी टाकायची, ती लेकीकडं गेली. मग त्यानं दारावरून जाणाऱ्या पोरांवर धावून जायला सुरुवात केली. कुणीतरी डोक्यात दगड घालायच्या आत गावातल्याच एका पोरानं त्याला पिकअपमध्ये घालून आमच्याकडं आणलं.

रस्त्यावरचं कुत्रं असतं तर प्रश्न सोपा होता. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणं नसबंदी करायची, लस द्यायची, कानाला खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथंच सोडायचं. रंग्याला मालक होता. त्या पोरानं नंबर दिला, फोन लागलाही. मागं कोयत्यांचा आवाज येत होता. ठेवा म्हणाले तुमच्याकडंच, आमचं यायचं कधी ते आमच्या हातात नाही. "खायलाय का नीट?" एवढं मात्र दोनदा विचारलं. लोक अशा मालकांना सरसकट निर्दयी म्हणतात तेव्हा मला तो प्रश्न आठवतो.

निवाऱ्यात रंग्यानं कुणालाच त्रास दिला नाही. मागच्या कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून पडायचा. भुंकायचा नाही, गुरगुरायचा नाही. डॉक्टरांनी सुई टोचली तरी हूं की चूं नाही. पट्टा घातला, काढला, कान साफ केले, नखं कापली. "किती गुणी आहे हो," येणारे-जाणारे म्हणायचे. रात्री माणसं गेल्यावर खायचा. आमच्याकडं ट्रॅक्टरनं पाण्याचा टँकर येतो, तो आला की मात्र पिंजऱ्याच्या भिंतीला असा चिकटायचा की भिंतीतच शिरेल. बाकी तक्रार नाही. मी खूण केली, तेव्हा चाचा शेजारीच होते. "ये शांत नहीं है मॅडम," ते म्हणाले, "इसकी दुकान बंद है."

मी हसले. मला तो विनोद वाटला.

लाज कशाची वाटते सांगू? हेही मी परीक्षेत लिहिलं होतं. सेलिगमन आणि मायर, १९६७, अर्जित असहायता. ज्या कुत्र्यांना विजेचे धक्के टाळायचा कुठलाच मार्ग आधी मिळाला नव्हता, त्यातली बरीचशी पुढं मार्ग मोकळा असूनही पडून राहिली. त्या उत्तराला मला चांगले मार्क होते. रंग्याचं अगदी तेच झालं होतं असं मी म्हणणार नाही, त्याला कुणी प्रयोगशाळेत बांधलं नव्हतं. पण काहीच न करणारं कुत्रं आणि निवांत कुत्रं यांतला फरक मला ठाऊक होता. फक्त तो उत्तरपत्रिकेत होता, पिंजऱ्यात दिसला नाही. शिवाय त्या महिन्यात आमचे पिंजरे भरून वाहत होते. शांत गावठी कुत्र्याला लवकर घर मिळतं. ही गोष्ट खूण करताना माझ्या मनात नव्हती असं म्हटलं तर ते खोटं होईल.

सिडकोतल्या एका कुटुंबानं त्याला नेलं. मुलगा वाळूजला कंपनीत, सून शिक्षिका, आठ वर्षांचा नातू, आणि अंबाजोगाईकडची शेती सोडून लेकाकडं येऊन राहिलेले आजोबा. घर बघून आले. अंगण होतं, फाटक नीट लागत होतं, नातू समजूतदार होता. त्यांनी सगळं माझ्या सांगण्याप्रमाणं केलं. पहिले दहा दिवस तो आजोबांच्या बाजेखाली पडून राहिला. मग दिवसा खायला लागला. मग शेपूट हलली, बेल वाजली की भुंकला. सूनबाईंनी व्हिडिओ पाठवला, 'रुळला हो!' मीही आनंदानं चार जणांना दाखवला. दुकान उघडत होतं, आणि आतला माल कुणीच पाहिलेला नव्हता.

सतराव्या दिवशी नातू त्याच्या भांड्याजवळून गेला, तेव्हा रंग्या गुरगुरला. आजोबांच्या लेकानं चप्पल हाणली. पुन्हा गुरगुरला, पुन्हा हाणली. नंतर गुरगुरणं बंद झालं आणि घरात सगळ्यांना वाटलं, वळण लागलं. हे मला चावल्यानंतर कळलं. कुठल्याही कुत्र्याच्या बाबतीत मला एकच गोष्ट सांगायची मुभा दिली तर मी ही सांगेन : गुरगुरल्याबद्दल मारू नका. तो जवळ येऊ नको म्हणतोय, आणि तेही अजून तोंडानं म्हणतोय. म्हणायची सोय काढून घेतली की भीती जागच्या जागीच राहते, फक्त ती आता न सांगता बाहेर येते.

बाविसाव्या दिवशी बाजेखाली भांडं पार भिंतीकडं सरकलं होतं. त्यातली भाकरी त्याला नीट खाता यावी म्हणून आजोबा वाकले आणि भांडं पुढं ओढायला हात घातला.

साबण लावून, नळाखाली धरून पंधरा मिनिटं हात धुवायचा, हे मी कुत्रं देताना सगळ्यांना सांगते. आमच्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, त्यामुळं ड्रममधलं पाणी तांब्यानं ओतत धुतला. मग घाटीत, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. जखम खोल होती म्हणून जखमेतही इंजेक्शन दिलं, आणि लशीचे डोस : त्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रंग्याला लस दिलेली होती, तरी दहा दिवस नजरेखाली ठेवला. तो धडधाकट राहिला. परत आणला तेव्हा पहिल्या दिवसासारखा कोपऱ्यात.

सूनबाई कार्ड घेऊनच आल्या होत्या. आरडाओरडा केला नाही. कार्ड टेबलावर ठेवलं, 'शांत'वर बोट ठेवलं. "हे तुम्ही लिहून दिलं होतं. माझा मुलगा तिथं वाकला असता तर?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

दोन दिवसांनी मी आजोबांना भेटायला गेले. हाताला पट्टी, पुढ्यात चहा. माझी माफी त्यांनी मध्येच तोडली. "खोटं लिव्हलंस असं मी म्हणत न्हाई पोरी. पण ते कुत्रं शांत न्हाई, बुजरं हाय. बुजरं लिव्हली असतीस तर मी वाकलोच नसतो. बुजऱ्या बैलाच्या दावणीत वाकत असतेत का कुणी?"

मी गाडीवर बसून घरी येईपर्यंत तो एकच शब्द डोक्यात. बुजरं. माझ्या घरातला शब्द. आमच्याकडं बैल होते तोवर रोज कानावर पडायचा. रात्री अण्णांना फोन केला आणि विचारलं, गोऱ्हा कामाला कसा लावायचात? "वळकीचा म्हातारा बैल जोडीला द्यायचा," अण्णा म्हणाले. "आधी निस्तंच जू. मग मागं हलकं लाकूड वढायला लावायचं. आवाजाला बुजला की थांबायचं. ते लाकूड त्याच्या खिजगणतीत राहिलं न्हाई की मग औत. का गं?" काही नाही म्हटलं. मी दोन पेपर देऊन जे शिकले होते ते अण्णा चार वाक्यांत सांगत होते.

दुसऱ्या आठवड्यात मी कार्डाचा मसुदा बदलला. तिन्ही चौकटी काढल्या. 'स्वभाव' हा शब्दच काढला. त्याजागी 'काय पाहिलं?' आणि खाली पाच मोकळ्या ओळी. रंग्याच्या नव्या कार्डावर लिहिलं : खाताना माणूस आठ-दहा पावलांवर असेल तर खातो, त्याहून जवळ असेल तर थांबतो. वरून हात आला की मान खाली घालतो आणि अंग ताठ करतो. ट्रॅक्टरच्या आवाजाला भिंतीशी जातो, आवाज थांबल्यावर बऱ्याच वेळानं परत येतो. भांड्यापाशी वाकलेल्या माणसाला चावला आहे, एकदा, खोल.

कार्यालयातून विचारणा झाली. एवढं लिहिलं तर कोण नेईल? रास्त प्रश्न होता. पुढचे काही महिने खरंच कमी कुत्री गेली, आणि प्रत्येक अडकलेला पिंजरा म्हणजे दारात आलेल्या एका जखमी जनावराला नाही म्हणणं, हेही मला दिसत होतं. मी हट्ट सोडला नाही. परत आलेलं कुत्रं पहिल्यापेक्षा जड असतं, त्याच्या कार्डावर आणखी एक ओळ वाढलेली असते.

नावं ठेवायची घाई मात्र माणसाच्या अंगातच असावी. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळची बातमी आठवत असेल. वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडांवर, छपरांवर नेत होती, पिल्लं मरत होती. शेवटी वन विभागाच्या नागपूरच्या पथकानं दोन वानरं पकडली. बातम्यांत आकडा फुगत शेकड्यांवर गेला, आणि 'वानरांचा सूड' हे शब्द तर पार परदेशापर्यंत पोचले. मला तेव्हा सगळ्या नातेवाइकांचे फोन. तू प्राण्यांचं बघतीस ना, सांग बरं, खरंच सूड घेतेत का? मी लवूळला गेले नव्हते, त्यामुळं त्या दोन वानरांच्या मनातलं मी सांगू शकत नाही. पण वर नेलेल्या पिल्लाला वानराच्या पिलासारखं पोटाला घट्ट धरून राहता येत नाही, फांदीवर दूध नाही, उतरता येत नाही. तेवढ्यानंच ते मरतं, सूड लागत नाही. आत्याला हे पटलं नाही. सूड जास्त रंगतो.

मलाही रंग भरायची खोड आहेच. रंग्या ट्रॅक्टरला का बुजतो? त्याची माणसं ट्रॅक्टरमधून गेली म्हणून! किती सुरेख बसतं. भेट द्यायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना हे सांगितलं तर दोघी-तिघी रडतील. पण ते मी पाहिलेलं नाही. कुणी ट्रॅक्टरवरून त्याला दगड मारला असेल, किंवा नुसता सायलेन्सर फुटका असेल. कार्डावर ट्रॅक्टर आणि भिंत एवढंच आहे.

कारण ठाऊक नसलं तरी काम करता येतं. टँकर लांबच्या नाल्यावर चढतो तेव्हा त्याचा आवाज अगदी बारीक असतो. तो आला की मी कलेजी टाकायला सुरुवात करते, थांबला की बंद. क्रम चुकवायचा नाही, आधी आवाज, मग कलेजी. उलटं केलं तर कलेजी बघूनच बुजायला लागेल. पहिला महिना त्यानं तोंड लावलं नाही. दुसऱ्या महिन्यात नाल्यावरच्या आवाजाला एक तुकडा उचलला. आता टँकर फाटकातून आत येईपर्यंत तो माझ्याकडं बघत उभा राहतो. फाटकाच्या आत अजून नाही. टँकरवाला भला माणूस आहे, कधी कधी माझ्यासाठी फाटकाबाहेर इंजिन चालू ठेवून उभा राहतो आणि डिझेलचे पैसे द्या म्हणून ओरडतो.

भांड्याचं कामही तसंच. उचलायला जायचं नाही, टाकायला जायचं. दहा पावलांवरून भांड्यात चांगलं काहीतरी फेकायचं आणि मागं फिरायचं. मग नऊ. आता तीनवर आलोय. शिवाय त्याला मुस्कं घालायला शिकवलंय, जाळीचं, ज्यात तोंड उघडता येतं, पाणी पिता येतं, धाप टाकता येते. आधी मुस्क्याच्या तळाला दही लावून नुसतं समोर धरायचं, त्यानं स्वतः तोंड घालायचं. शहरातली माणसं मुस्कं बघितलं की चेहरा पाडतात, अरेरे, बिचारा. गावाकडचं माणूस वळूनही बघत नाही. उभ्या पिकात कोळपायला बैल घातले की त्यांना मुस्कं असतंच, तो काय बैलाचा अपमान असतो?

गेल्या महिन्यात एक जोडपं आलं. पन्नाशीच्या पुढचं, मुलं पुण्याला, देवळाईकडं घर. कार्ड त्यांनी पूर्ण वाचलं, बाईंनी दोनदा. शेवटची ओळ आली तेव्हा काका मला म्हणाले, "म्हणजे भांड्यापाशी वाकायचं नाही, एवढंच ना?" एवढंच नाही, मी म्हटलं, पण तिथून सुरुवात करा. पहिल्या भेटीत मी त्यांना पिंजऱ्याकडं पाठ करून बसवलं. अर्धा तास. काकांना बीपीची गोळी घ्यायची आठवण झाली आणि ते उठले, तेवढ्यात रंग्या पुन्हा भिंतीशी. दुसऱ्या वेळी काकू भुईमुगाच्या शेंगा घेऊन आल्या. नुसतं बसवत नाही म्हणाल्या, हाताला काहीतरी पाहिजे. शेंगा फोडत, आपल्याच गप्पा मारत बसल्या, जावेच्या तक्रारी, गॅसचा भाव. मीठ न लावलेला एखादा दाणा न बघता मागं टाकायच्या. चौथा की पाचवा दाणा रंग्यानं त्या तिथंच असताना खाल्ला. मी वहीत लिहिलं : दाणा, अंतर पाच पावलं, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

चाचांना दाखवलं. ते चष्मा वर करून म्हणाले, "आधा शटर उप्पर."

रविवारी ते दोघं तिसऱ्यांदा यायचेत. टँकरही त्याच दिवशी आहे, तो दुपारनंतर आण म्हणून टँकरवाल्याला सांगितलंय. काकू विचारत होत्या, शेंगा भाजून आणू की कच्च्या? भाजून आणा म्हटलं, आम्हालाही होतील.